पाणी तोडणारं यंत्र घेण्याआधी

गावी निघताना माणसं गॅसचा रेग्युलेटर बंद करतात, टीव्हीची पिन काढतात, तुळशीला पाणी घालायचं शेजारच्या काकूंना दोनदा सांगतात. पाण्याचा कॉक मात्र बहुतेक घरांत तसाच राहतो. एक तर तो डक्टमध्ये, संडासाच्या खिडकीतून हात वाकडा करून पोचावं अशा जागी असतो. शिवाय वर्षानुवर्षं न फिरवल्यामुळे तो जाम झालेला असतो, आणि जोर लावला तर दांडी हातात येते.

ओट्याखाली आरओला जाणारी पाव इंची नळी असते, नुसती खोचून बसवलेली. ती निसटली आणि मिनिटाला एकच लिटर पाणी जाऊ लागलं, तरी 24 तासांत 1440 लिटर होतात. एवढं पाणी स्वयंपाकघरात थोडंच थांबतंय! ट्रॉल्यांची प्लायवूड फुगवून ते दिवाणखान्यात जातं आणि दुसऱ्या दिवशी खालच्या घरातल्या पीओपीतून टपकू लागतं.

गळती ओळखून पाणी आपोआप तोडणारी यंत्रं मिळतात. ती कोणती घ्यावीत, असं हल्ली बरेच जण विचारतात. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांची मुलं अमेरिकेत असतात आणि तिथल्या घरात त्यांनी असं यंत्र पाहिलेलं असतं. तिथे ते शोभतंही. घरात पाणी एकाच नळाने येतं, दाब रात्रंदिवस साधारण तीन ते साडेपाच बार. त्या एका नळावर यंत्र बसवलं की झालं. रात्री सगळे झोपले की ते काही मिनिटं पाणी बंद करून दाब उतरतोय का पाहतं, आणि फ्लशमधून ठिबकणारं पाणीसुद्धा पकडतं. तिथल्या पर्यावरण संस्थेच्या हिशेबाने सरासरी घरात वर्षाला जवळपास 10,000 गॅलन, म्हणजे सुमारे 38,000 लिटर पाणी गळतीत जातं. थंडीत नळ गोठून फुटतात ते वेगळंच.

आपला फ्लॅट मात्र गच्चीवरच्या टाकीवर चालतो. दहा मीटर उंचीला एक बार, हा हिशेब. सात मजली इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्याला बारभर दाब मिळतो, वरच्या मजल्याला त्याच्या तिसऱ्या हिश्शाचीही खात्री नाही. त्यात एका फ्लॅटला पाणी दोन-तीन वाटांनी येतं: स्वयंपाकघराचा नळ वेगळा, प्रत्येक बाथरूमचा त्याच्या डक्टमधून वेगळा. ‘संपूर्ण घरासाठी एक’ असं खोक्यावर लिहिलेली यंत्रं इथे एकतर तीन घ्यावी लागतात, नाहीतर एकटं यंत्र एका कोपऱ्याची राखण करत बसतं. म्हणून कंपन्यांची तुलना करण्याआधी प्लंबरला बोलावून आपल्या घरात पाणी किती ठिकाणांहून शिरतं ते मोजून घ्यावं.

मग व्हॉल्व्ह. स्वस्तात मिळणारा असतो सोलेनॉइडचा. त्यातले बहुतेक आतला पडदा पाण्याच्याच दाबाने उचलतात. दाब नसेल तर पडदा अर्धवट उघडतो आणि नळाला करंगळीएवढी धार येते. वरच्या मजल्यावर ज्यांचं वॉशिंग मशीन भरायला युग लोटतं, त्यांना हे सांगायला नको. मशीनच्या आत असाच व्हॉल्व्ह असतो. तेव्हा मोटरने फिरणारा बॉल व्हॉल्व्हच घ्यावा, आतलं भोक नळाइतकंच मोठं असलेला. वीज गेली की साधा मोटर व्हॉल्व्ह आहे तिथेच थांबतो. काहींना स्वतःची बॅटरी असते आणि ते बंद होतात. घर वरचेवर बंद राहत असेल तर दुसरा घ्यावा, आणि वायफायचं खोकं इन्व्हर्टरवर टाकावं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर क्षाराने हाही जाम होतो. त्यामुळे ठरावीक दिवसांनी आपणहून एकदा बंद-चालू होण्याची सोय त्यात आहे का, हे विचारून घ्यावं.

ओल टिपणारे सेन्सर स्वस्त आणि साधे असतात. तळाशी धातूचे दोन ठिपके. पाण्याने ते जोडले गेले की बोंब. सिंकखाली, आरओखाली, वॉशिंग मशीनमागे ठेवावेत, पण आधी तिथे तांब्याभर पाणी ओतून ते कुठे धावतं ते बघावं. आपल्या फरशीचा उतार मिस्त्रीच्या मर्जीवर असतो. फरशी पुसायला येणाऱ्या मावशींना सेन्सर दाखवून ठेवावेत, नाहीतर रोज सकाळी साडेनऊला फोन ओरडेल. बाथरूममध्ये ते ठेवण्यात अर्थ नाही. जिथे बादलीने अंघोळ होते तिथे जमीन ओली असणं ही बातमी नव्हे.

आणि सोसायटीतली भांडणं तर याच बाथरूमवरून होतात! खालचे म्हणतात, आमच्या छताला ओल आली. वरचे म्हणतात, येऊन बघा, आमच्याकडे एक थेंब गळत नाही. दोघेही खरं बोलत असतात. ते पाणी नळातलं नसतंच. अंघोळीचं पाणी नहाणी ट्रॅपच्या कडेने आणि लाद्यांच्या सांध्यांतून मुरत असतं. कितीही महाग यंत्र आणा, ते नळाकडे बघत बसणार. इथे लाद्या उखडून वॉटरप्रूफिंग करणं हाच उपाय, आणि तो खर्च सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाचा असतो. गच्चीतून मुरणारं पावसाचं पाणी सोसायटीच्या खात्यावर. हे वाचून सेक्रेटरींना फोन करणाऱ्यांनी आधी आपली ओल पावसाळ्यातच वाढते का, ते तपासावं.

माझ्या मते फ्लॅटमध्ये मोटरचा व्हॉल्व्ह स्वयंपाकघराच्या नळावर एवढा एकच पुरे. मशीन ड्राय बाल्कनीत असेल तर तिचाही नळ त्याच वाटेवर घ्यावा. सलग वीस मिनिटं पाणी वाहिलं तर तोडण्याची मर्यादा असलेलं यंत्र मिळालं तर उत्तम. पाणी गेलेलं असताना उघडा राहिलेला नळ पहाटे चारला धो धो सुटतो, ही आपली खास गळती तेच पकडतं. बाथरूमचे कॉक मात्र हाताचेच, फक्त नवे, हात पोचेल अशा जागी.

बसवताना प्लंबरला बायपासची एक नळी आणि तिच्यावर साधा कॉक टाकायला लावावा. तो म्हणेल, कशाला साहेब, उगाच खर्च. ऐकू नये. ऐन दिवाळीत मोटर बंद अवस्थेत जळाली तर तिचा सुटा भाग येईपर्यंत कुकर लावायला पाणी त्याच वाटेने येणार आहे.