जुनी गाडी, नवे पेट्रोल आणि लाल नळकांडे

शेतकरी बंधूंनो, ऊस आपला, मका आपला आणि त्यापासून तयार होणारे इथेनॉल आज पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. २०१४ साली हे प्रमाण दीड टक्क्याच्या घरात होते. २० टक्क्यांचे उद्दिष्ट आधी २०३० सालचे होते, ते २०२५ मध्येच गाठले गेले. आपल्या मालाला नवे गिऱ्हाईक मिळाले, हे चांगलेच झाले. पण तेच पेट्रोल आपल्या दारातल्या पंधरा-वीस वर्षांच्या गाडीतही जाते, याचा विचार किती जणांनी केला आहे?

पेट्रोलची रबरी नळी ऊन आणि इंजिनच्या उष्णतेने कडक होते, तिला बारीक चिरा पडतात. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग व गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. हा खर्च मोठा नाही. पण तो टाळला आणि गळणारा थेंब तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडला, तर इथेनॉलला दोष देऊन काय उपयोग?

कारण एकच नसते. गाडी धान्याच्या पोत्यांशेजारी उभी असली की उंदीर वायरी कुरतडतात. फ्यूज उडाला की आपण तांब्याची तार गुंडाळून मोकळे होतो. हॉर्न, जादा दिवे, टेप यांच्या वायरी कुठूनही ओढलेल्या असतात. तापलेली गाडी उसाच्या पाचटावर किंवा वाळल्या गवतावर उभी केली, तर आग खालून लागते. काही जण व्हॅनमध्ये घरगुती सिलिंडरचा गॅस भरतात. तो गुन्हा तर आहेच, शिवाय पोराबाळांच्या जिवाशी खेळ आहे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याची जुनी व्हॅन बाजाराच्या वाटेवर पेटली. बॉनेटमधून धूर आला म्हणून त्यांनी ते सताड उघडले, तसा वारा लागून भडका उडाला. लोकांनी कळशीने पाणी मारले. पेट्रोल पाण्यावर तरंगते, त्यामुळे आग विझण्याऐवजी पसरली. तालुक्याचा बंब येईपर्यंत सांगाडा उरला. माणसे वाचली, पण भाजीचा धंदा बसला. गाडीत नळकांडे असते तर? कदाचित एक नळी आणि चार वायरींवर निभावले असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. तशा आगीपुढे हातातले छोटे नळकांडे काही करू शकत नाही. ते पहिल्या मिनिटापुरते असते. पण गावाकडे बंब यायला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून ते पहिले मिनिटच आपले.

घेताना कोरड्या पावडरचे, एबीसी प्रकारचे, निदान एक किलोचे घ्या, दोन किलोचे असेल तर उत्तम. त्यावर आयएसआय शिक्का आणि आयएस १५६८३ हा क्रमांक बघा. काटा हिरव्या पट्ट्यात हवा. डिकीत सामानाखाली ठेवू नका, चालकाच्या हाताशी पट्ट्याने घट्ट बांधा. धक्क्यांनी पावडर तळाशी बसते, म्हणून महिन्याला एकदा उलटेसुलटे करून हलवा. मुदत संपली की भरून घ्या.

धूर दिसला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आधी सगळ्यांना उतरवून लांब न्या. बॉनेट पूर्ण उघडू नका. फटीतूनच, पिन काढून, ज्वालेच्या बुडाशी फवारा मारा आणि नळी डावी-उजवी फिरवा. एक किलोचे नळकांडे साधारण आठ-दहा सेकंदांत रिकामे होते, तेवढ्यात विझले नाही तर मागे सरा. आग टाकीकडे गेली असेल, तर जवळसुद्धा जाऊ नका. ११२ किंवा १०१ ला फोन करा. गाडी पुन्हा घेता येईल.

प्रवासी बसमध्ये हे साधन ठेवावेच लागते. आपल्या घरच्या जुन्या गाडीत ते आहे का, हे सहसा कोणी विचारत नाही. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाची मोटारीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजार झाली. ती आपण कुरकुरत का होईना, भरतो. त्यापुढे हजाराच्या आसपासचे नळकांडे जड नाही.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनाही एक विनंती. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात आग विझवताना गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात नगरपालिकेच्या किंवा साखर कारखान्याच्या बंबावरच्या माणसाला गावात बोलवा. मुदत संपत आलेली नळकांडी गोळा करा आणि पाराजवळ पत्र्याच्या तुकड्यावर आग करून तरुणांच्या हातून ती विझवून घ्या. त्यात बायाबापड्यांनाही घ्या. वाचून कळते, पण पिन कशी निघते हे हातालाच ठाऊक असावे लागते.

आज संध्याकाळी एवढेच करा : बॉनेट उघडा, पेट्रोलची नळी बोटाने वाकवून बघा. चिरा दिसल्या, तर उद्याच मिस्त्रीकडे जा.