अंगारकीची वाट आणि रुंद रस्त्याचा भ्रम

१/ "लोक गाडी सोडणार नाहीत, म्हणून रस्ता रुंद करा." आजच्या नागरी चर्चेतील हा सर्वांत लोकप्रिय, आणि इतिहासाच्या कसोटीवर सर्वांत कच्चा युक्तिवाद. जालना जिल्ह्यातील राजूर त्याला प्रत्येक अंगारकीला उत्तर देते. 🧵

२/ राजूर (ता. भोकरदन) हे राजुरेश्वर गणपतीचे स्थान. संकष्टी मंगळवारी आली की जालन्याहून सुमारे २५ किलोमीटरची वाट हजारो भाविक पायी धरतात. वाटेत ठिकठिकाणी चहा-फराळ मिळतो, परतीसाठी एसटीच्या जादा गाड्या असतात. एरवी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत दुचाकी काढणारेच यात असतात.

३/ "ही श्रद्धा आहे, वाहतूक धोरण नव्हे," हा आक्षेप अर्धाच खरा. पहिले पाऊल श्रद्धा उचलते, पण चालणाऱ्याला पाणी, सोबत आणि परतीची गाडी व्यवस्था देते. व्यवस्था बदलली की सवय बदलते.

४/ सरकारी बस ही मराठवाड्याला बाहेरून मिळालेली देणगी नव्हे. हैदराबाद संस्थानात १९३२ साली निजामाच्या रेल्वेनेच २७ बसगाड्यांसह प्रवासी सेवा सुरू केली. रेल्वे आणि बस एकाच खात्याच्या हाती. दोघींनी परस्परांना पूरक व्हावे, हा विचार तेव्हाचा आहे.

५/ मुंबई प्रांतात पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. १९६१ मध्ये मराठवाड्याची राज्य परिवहन सेवाही एसटी महामंडळात विलीन झाली. म्हणजे मोटारीआधी बस गावात पोहोचली. मोटार ही 'परंपरा' नाही.

६/ "कोणी कशाने प्रवास करावा, हे सरकारने ठरवू नये," असे म्हणणाऱ्यांनी जालन्याजवळूनच जाणारा समृद्धी महामार्ग पाहावा. तेथे दुचाकीला मज्जाव आहे. सरकार ठरवतेच, प्रश्न इतकाच, की कोणाच्या बाजूने?

७/ सिंगापूरने १९७५ मध्येच गर्दीच्या वेळी शहराच्या मध्यभागी शिरणाऱ्या मोटारींवर शुल्क लावले. रस्त्यावरील मागणी ही पावसासारखी आकाशातून पडत नाही. ती धोरणाने वाढते आणि धोरणानेच घटते.

८/ २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे. निर्णय स्तुत्यच. परंतु जी गाडी वेळेवर येत नाही, तिच्या तिकिटातील सवलत कोणाच्या कामाची? संध्याकाळची बस चुकली की खेड्यातील मुलीचे महाविद्यालय सुटते, आणि घरात कर्जाची दुचाकी येते. कोंडीचा जन्म तेथे होतो, चौकात नव्हे.

९/ जालना २०२३ मध्ये महानगरपालिका झाले. नव्या शहराने पहिला पैसा उड्डाणपुलावर घालावा, की मोकळ्या पदपथावर, नेमाने येणाऱ्या शहर बसवर आणि आसपासच्या गावांना जोडणाऱ्या फेऱ्यांवर? अंगारकीला चालणाऱ्यांसाठी रस्ता मोकळा करता येतो, तर बुधवारी का नाही? अशक्य काहीच नाही. अभाव इच्छेचा आहे.