एवढ्या जणांत माझा टाळ कुणाला ऐकू येणार?

बँड म्हटलं की आपल्याला आधी लग्नाची वरात आठवते. टीव्हीवरचा बँड म्हणजे गिटारवाले दोघं-तिघं आणि मागे ड्रम बडवणारा एक. जगप्रसिद्ध ‘बीटल्स’सुद्धा चौघंच होते. पण वीस-पंचवीस जणांचा बँड असला तर?

असे बँड आहेत, बरं का! अमेरिकेतल्या डॅलस शहरात 2000 साली टिम डीलॉटर या गायकानं ‘पॉलिफॉनिक स्प्री’ नावाचा बँड काढला. त्यात वीसहून जास्त माणसं! गिटार, ड्रम तर होतेच; शिवाय बासरी, व्हायोलिन, ट्रम्पेट आणि गाणाऱ्यांचा अख्खा जथा. सुरुवातीला सगळे पांढरे पायघोळ झगे घालून स्टेजवर यायचे. कॅनडातल्या टोरांटो शहरात 1999 साली निघालेल्या ‘ब्रोकन सोशल सीन’मध्ये कधी सहा जण असतात, तर कधी तब्बल एकोणीस! अशा संगीताला ‘इंडी’ म्हणतात. म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या तालावर न नाचता, आपल्या मनानं केलेलं.

पांढरे कपडे, मोठा जथा, देहभान विसरून गाणं... कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतंय ना? वाशिम जिल्ह्यातल्या मुलांना तर नक्कीच! शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी आषाढीच्या आधी मेडशी, शिरपूर, रिसोड अशी याच जिल्ह्यातून जाते. गळ्यात वीणा घेतलेला वीणेकरी, मृदंग वाजवणारे मोजके, आणि टाळकऱ्यांच्या मात्र रांगाच्या रांगा.

आता एखादा म्हणेल, “एवढ्या गजरात माझा एक टाळ चुकला, तर कुणाला कळतंय?” शाळेच्या समूहगीतात मागच्या रांगेत नुसते ओठ हलवणारेही असंच म्हणतात!

चला, हिशोब करू. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे 34 मीटर मागे असलेल्या टाळकऱ्याला पुढचा ठोका एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. तो ऐकून त्यानं टाळ वाजवला, तर त्याचा आवाज पुढे पोचायला आणखी एक दशांश. भजन रंगात आलं की दोन ठोक्यांत जेमतेम अर्धा सेकंद असतो. मग ताल विस्कटणारच!

म्हणून जाणता टाळकरी कानाबरोबर डोळेही उघडे ठेवतो. मृदंगावर पडणारा हात त्याला दिसतो, आणि प्रकाशाला उशीर कसला? मोठा बँडही असाच चालतो. एकमेकांकडे बघायचं, आणि दुसऱ्याची पाळी असेल तेव्हा आपण थांबायचं. थांबणं हेसुद्धा वाजवणंच आहे.

पटत नसेल तर मैदानावर करून बघा. शंभर मीटर अंतरावर मुलांचे दोन गट उभे करा. आधी डोळे मिटून, समोरच्यांच्या टाळ्या ऐकत ताल धरा. मग मध्ये एकाला उभं करून त्याच्या वर-खाली होणाऱ्या हाताकडे बघत टाळ्या वाजवा. मधोमध उभ्या असलेल्यालाच विचारा, फरक किती पडला ते.

मग मुद्दाम एकानं चुकावं. त्याच्या शेजारचा चुकतो का, बघा. तो चुकला की त्याच्या पलीकडचाही डळमळतो. पाहिलंत ना? तुमचा टाळ दूरच्या माणसाला ऐकू आला नाही, तरी शेजाऱ्याला येतोच. आणि प्रत्येक जण कुणाचा तरी शेजारी असतोच की!