ग्रंथपाल काय फक्त कुलूप उघडायला?

आपल्याकडे ‘लायब्ररीत चाललोय’ म्हणजे काय, तर बॅगेत स्वतःचीच पुस्तकं, पाण्याची बाटली, चार्जर आणि अभ्यासिकेतली एक खुर्ची. एमपीएससी असो वा सेमिस्टर, निगडीपासून भोसरीपर्यंत चित्र साधारण हेच. कपाटातल्या पुस्तकांना आपण हात लावत नाही आणि ग्रंथपालांशी आपलं बोलणं ‘जरा फॅन लावा ना’ याच्या पुढे जात नाही.

अभ्यासिका हवीच. एका खोलीत चार जण राहत असतील, तर शांत खुर्चीची किंमत कळते. पण शहराचं वाचनालय तिथेच थांबलं, तर ग्रंथपाल नुसता कुलूप उघडणारा माणूस होऊन बसतो. म्हणून नवी इमारत मागण्याआधी आहे त्या ग्रंथपालांना शिकायची संधी मागू या.

ही मागणी नवीन नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये थेट अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. 1911 मध्ये तिथे ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. संस्थानातल्या गावांत पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. ज्यांचा जन्मदिवस, 12 ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो, ते एस. आर. रंगनाथन मुळात गणित शिकवायचे. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाल्यावर ते लंडनला जाऊन हे काम शिकले आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा त्यातला पहिला.

महाराष्ट्रात 1967 पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. अ, ब, क, ड असा दर्जा ठरतो आणि त्याप्रमाणे अनुदान मिळतं. त्यातूनच पुस्तकं, वीजबिल आणि पगार भागवायचे. एवढ्याशा पगारात ‘काहीतरी नवीन करा’ म्हणणं सोपं आहे. प्रशिक्षणाचा खर्च आणि त्या दिवसांचा पगार मिळणार असेल, तरच या मागणीला अर्थ आहे.

शिकलेला ग्रंथपाल आपल्या पट्ट्यात काय करू शकेल? आधी घड्याळ बघेल. सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा वाचनालय बंद असतं. भोसरी-चाकणच्या बऱ्याच वर्कशॉपना गुरुवारी सुट्टी असते, मग कार्यक्रम गुरुवारी का नको? पहिला तास अप्रेंटिसशिपचा करार, पगाराची स्लिप आणि पीएफ कसं वाचायचं यावर. लातूर-बुलढाण्याहून आलेल्या आयटीआयच्या पोरांना हे कोण सांगतं? दुसऱ्या गुरुवारी ‘जिवंत पुस्तक’. कोपनहेगनमध्ये 2000 साली सुरू झालेल्या या प्रकारात पुस्तकाऐवजी माणूस भेटतो, त्याला प्रश्न विचारायचे. तीस वर्षं लेथवर काढलेले काका आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या शेजारच्या टेबलावर यंत्रांवरची आणि कामगार चळवळीवरची पुस्तकं मांडून ठेवली, की कपाटंही उघडतील. याला पैसा फार लागत नाही, पण माणसं कशी जोडायची हे शिकावं लागतं.

यात आपलं काम काय? अभ्यासिकेची फी भरतो, तसं वाचनालयाचं सभासदत्वही घ्या. अनुदानित वाचनालय संस्थेचं असेल, तर वार्षिक सभेत जा आणि दोन प्रश्न विचारा. आपले ग्रंथपाल शेवटचं प्रशिक्षण कधी घेऊन आले? पुढच्यासाठी किती पैसे ठेवलेत? महापालिकेचं असेल, तर हेच प्रश्न आपल्या नगरसेवकाला विचारा. आणि पहिल्या गुरुवारी खुर्च्या लावायला ग्रंथपालांच्या मदतीला जा. त्यांना एकट्याने जमणारं हे काम नाही.