पाहुणे लष्कर, मुक्कामी कायदा

कोठे दंगा उसळला, की ‘लष्कर बोलवा’ ही मागणी आपल्या तोंडी सहज येते. ती करणाऱ्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. १९९२-९३ च्या दंगलींत मुंबईच्या रस्त्यांवर लष्कराच्या गाड्या दिसल्या, तेव्हा भेदरलेल्या वस्त्यांना धीर आला होता. पण ते लष्कर मुलकी सत्तेच्या मदतीस आले आणि बराकीत परतले. आमचा वाद आहे तो लष्कराला परतू न देणाऱ्या राज्यकर्त्यांशी.

१९५८ चा सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा नागा टेकड्यांतील बंडामुळे आला. त्याचा साचा मात्र १९४२ चा. ‘चले जाव’ चळवळ चिरडण्यासाठी व्हाइसरॉयने त्या वर्षी १५ ऑगस्टला तसाच वटहुकूम काढला होता. ही तारीख वाचून कोणासही संकोच वाटू नये, याचे नवल वाटते! या कायद्यान्वये ‘अशांत’ ठरविलेल्या प्रदेशात जमावबंदी मोडणाऱ्यावर साधा हवालदारही, इशारा देऊन, प्राण जाईपर्यंत गोळी चालवू शकतो. आणि केंद्राच्या परवानगीवाचून त्याच्यावर खटला भरता येत नाही.

४ डिसेंबर २०२१, शनिवारची संध्याकाळ. नागालँडच्या मोन जिल्ह्यात कोळशाच्या खाणीतून ओटिंग गावी परतणारे सहा मजूर लष्कराच्या गोळ्यांना बळी पडले. रविवार त्यांना घरच्या माणसांत घालवायचा होता. अतिरेकी समजून चूक झाली, असे सरकारने संसदेत सांगितले. इशारा देण्याचे ते कलम त्या वेळी कोठे होते? दुसऱ्या दिवसापर्यंत मृत नागरिकांची संख्या १४ झाली. एक जवानही गेला. राज्याच्या पोलिसांनी ३० लष्करी व्यक्तींवर आरोपपत्र ठेवले. २०२३ मध्ये केंद्राने परवानगी नाकारली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फौजदारी प्रकरण बंद केले.

यावर ठरलेला प्रश्न येतो : सैनिकाचे हात बांधता काय? मुळीच नाही. सैनिकाला शिक्षण मिळते ते शत्रूशी लढण्याचे. मालवाहू गाडीतून गाणी म्हणत घरी जाणाऱ्या मजुरांत शत्रू हुडकण्याचे काम त्याच्या गळ्यात कोणी मारले? ते पोलिसांचे काम. आणि पोलीसदल दुबळे ठेवून लष्करावर भिस्त टाकणे स्वस्त पडते, हे खरे दुखणे आहे. न्यायमूर्ती जीवन रेड्डी समितीने २००५ मध्येच हा कायदा रद्द करावा, अशी शिफारस केली. त्या समितीत निवृत्त लेफ्टनंट जनरल व्ही. आर. राघवन होते. तेही काय सैन्याचे वैरी?

त्रिपुरातून २०१५ मध्ये आणि मेघालयातून २०१८ मध्ये हा कायदा उठला. आभाळ कोसळले नाही. नागालँडच्या विधानसभेने डिसेंबर २०२१ मध्ये एकमताने तीच मागणी केली. ती मान्य होईल तेव्हा होवो. तोवर ओटिंगच्या त्या घरांना न्यायालयाची पायरी तरी चढू द्यावी.