'हॅपी'चं कपाळ

शेजारची लेक दिवाळीला माहेरी आली होती. तिची आई मला हळूच म्हणाली, "विचारलं की 'मी हॅपी आहे' म्हणते हो. पण चेहरा वेगळंच सांगतो." तो 'हॅपी' काही माझ्या डोक्यातून जाईना. बी. ए.च्या वेळची डिक्शनरी काढून बसले.

आपण हॅपी म्हणजे आनंदी, समाधानी एवढंच धरतो. पण त्याचं मूळ आहे 'हॅप', म्हणजे नशीब, योगायोग. हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून, नॉर्वे-आइसलँडकडून इंग्रजीत आला. हॅपन, परहॅप्स, मिसहॅप ही त्याचीच भावंडं. चौदाव्या शतकात हॅपी म्हणजे नशीबवान. सुखी हा अर्थ मागाहून आला. जर्मन भाषेत तर आजही नशीब आणि सुख दोन्हींना 'ग्ल्युक' हाच शब्द. 'सिली'ची गंमत याहून न्यारी. तो मुळात सुखी, भाग्यवान अशा अर्थाचा. मग झाला निष्पाप, मग बिच्चारा आणि आता मूर्ख! सुखी माणसाला भोळसट ठरवायची खोड तिकडेही असावी.

आपण तरी वेगळं काय बोलतो? "पोरीनं नशीब काढलं", नाहीतर "तिच्या नशिबातच सुख नाही". बचत गटाच्या बैठकीत एखादी नवऱ्याचा मार सांगते, तेव्हा चारजणी हेच म्हणतात आणि विषय मिटतो. मला हे अजिबात पटत नाही. नशीब म्हटलं की कुणालाच जाब विचारायला नको.

त्यापेक्षा आपला 'सुख' शब्द बघा. मोनियर-विल्यम्स यांच्या संस्कृत कोशात त्याची फोड सु आणि ख अशी दिली आहे. 'ख' म्हणजे चाकाचं भोक, ज्यात आस बसतो ते. ऋग्वेदात 'सुख' हे रथाचं विशेषण आहे, म्हणजे न अडखळता चालणारा. आपणही "बरं चाललंय ना?" असंच विचारतो की! चाक कुरकुरायला लागलं तर गाडीवान कपाळ बडवत नाही, खाली उतरून आस बघतो, वंगण घालतो. ओझं जास्त झालं असेल तर उतरवतोही.

शेजारणीला म्हटलं, "हॅपी आहेस का, असं विचारूच नका. तुझा पगार कुणाच्या हातात असतो, अंगात ताप असला तर चहा कोण करून देतं, हे विचारा."

त्या संध्याकाळी मायलेकी बराच वेळ गच्चीत बसल्या होत्या.