जुना मेल सर्व्हर बंद करण्याआधी

ऑक्टोबर २०२५ मध्ये बँकांच्या संगणक विभागांपुढे दोन तारखा होत्या. १४ तारखेला मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ या मेल सर्व्हरांचा सपोर्ट संपला. ३१ तारखेपर्यंत सर्व बँकांनी '.बँक.इन' या डोमेनवर जावे, असे रिझर्व्ह बँकेचे २२ एप्रिलचे परिपत्रक होते. या डोमेनची नोंदणी फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फत होते. पहिली तारीख सर्व्हर बदलायला लावते, दुसरी पत्ता. दोन्ही एकत्र बदलतातच असे नाही: केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची मेल झोहो कंपनीच्या यंत्रणेवर गेली, पण त्यांचे पत्ते तेच राहिले. पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या नागरी सहकारी बँकेत जुना एक्स्चेंज चालू असेल, तर तिचे घरही बदलते आणि दारावरची पाटीही.

ही दोन कामे एकाच रात्री करू नयेत. आधी जुन्याच सर्व्हरवर नवे डोमेन जोडावे, दोन्ही पत्त्यांची मेल काही आठवडे एकाच मेलबॉक्समध्ये पडू द्यावी, आणि ते अंगवळणी पडल्यावर सर्व्हर हलवावा. नाहीतर सोमवारी सकाळी मेल येईनाशी झाली की दोष पत्त्यात आहे की सर्व्हरमध्ये, हे शोधण्यातच दिवस जातो.

त्याहीआधी मोजणी. मेलबॉक्सची यादी सर्व्हर स्वतःच काढून देतो. खरा वेळ जातो तो यादीत नसलेल्या गोष्टींवर. मुख्य कार्यालयाच्या कोपऱ्यातले झेरॉक्स-स्कॅनर यंत्र कागद स्कॅन करून मेलने पाठवते. त्यात सर्व्हरचा आयपी पत्ता कधीतरी कोणी तरी हाताने भरलेला असतो आणि पासवर्ड नसतोच, कारण जुना सर्व्हर २५ क्रमांकाच्या पोर्टवर घरच्या यंत्रांना विचारत नाही. नवा विचारतो. खातेउतारे पाठवणारी प्रणाली, रात्रीच्या बॅकअपचा निरोप देणारा संगणक, यूपीएस, सगळ्यांची हीच गत. या यंत्रांचा शोध कागदावर लागत नाही. सर्व्हरच्या नोंदवहीत महिनाभर कोणत्या आयपीवरून मेल सुटते ते पाहावे लागते, आणि महिना पूर्णच घ्यावा, कारण काही यंत्रे महिनाअखेरीलाच बोलतात. माणसांकडेही असेच लपलेले असते. कर्ज विभागाचे एक खाते चौघे वापरतात, पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेला असतो. एखाद्या शाखेची दहा वर्षांची मेल तिथल्या संगणकाच्या डी ड्राइव्हवर आउटलुकच्या पीएसटी फाइलमध्ये पडून असते. ती अडगळ म्हणून टाकता येत नाही. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यानुसार ग्राहकाशी झालेला व्यावसायिक पत्रव्यवहार खाते बंद झाल्यानंतरही ५ वर्षे जपावा लागतो.

मग मार्ग. एक्स्चेंज २०१९ वरून जुलै २०२५ मध्ये आलेल्या सबस्क्रिप्शन आवृत्तीवर त्याच यंत्रावर जाता येते. २०१६ वाल्यांना नवे यंत्र मांडून मेलबॉक्स हलवावे लागतात. २०१० वर राहिलेल्यांना थेट वाट नाही, मधे २०१६ वर थांबावे लागते. २०२० च्या टाळेबंदीपर्यंत जामनेरचा प्रवासी 'पीजे' या पाचोरा-जामनेर गाडीच्या अरुंद रुळांवरून पाचोऱ्याला येई आणि मुंबईसाठी तिथे मोठी गाडी पकडी, तसेच हे. चाळीस मेलबॉक्सच्या बँकेने एवढी उठाठेव करण्यापेक्षा भाड्याची क्लाउड सेवा घेणे बहुधा शहाणपणाचे. मात्र तिथे अडचण तारेची येते. ४० मेलबॉक्स, प्रत्येकी ५ जीबी, म्हणजे २०० जीबी. अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल तर एकही सेकंद न थांबता २२ तास लागतात, आणि दिवसा त्याच तारेवर शाखांचे व्यवहारही चालू असतात. म्हणून जुनी मेल दोन-तीन आठवडे आधीपासून रात्री-रात्री चढवावी. शेवटच्या रात्रीसाठी ताजी तेवढीच ठेवावी.

ती रात्र दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारच्या आधीची शुक्रवारची असावी, म्हणजे सुट्टीचे दोन दिवस हाताशी राहतात. मार्चअखेर टाळावी, आणि वार्षिक सभेचा सप्टेंबरही. मेल कोणत्या सर्व्हरकडे न्यायची हे सांगणारी एमएक्स नोंद बरेचदा ८६,४०० सेकंद, म्हणजे दिवसभर जगभर साठवली जाते. ती मुदत दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणली की चूक झाल्यास माघार पाच-दहा मिनिटांत घेता येते. बँकेच्या नावाने मेल कोणता सर्व्हर पाठवू शकतो हे सांगणाऱ्या एसपीएफ नोंदीत नवा सर्व्हर आधी घालावा, जुना मागाहून काढावा.

एवढे करूनही सोमवारी एक तक्रार येते: ग्राहकांची मेल व्यवस्थित, पण शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला पाठवलेली परत येते. आउटलुक नावाची पहिली दोन अक्षरे टाइप करताच जो पत्ता सुचवते, तो आतून एक्स्चेंजचा जुना अंतर्गत पत्ता असतो. तो नव्या मेलबॉक्सवर टोपणनाव म्हणून जोडला की मेल जाते.

जुने डोमेन सोडायची घाई नको. ठेव पावत्यांवर आणि लेटरहेडवर तोच पत्ता छापलेला आहे. नूतनीकरण चुकले तर ते कोणीही विकत घेऊ शकतो, आणि ठेवीदारांची मेल त्याच्याकडे जाऊ लागते. नूतनीकरणाची सूचना कोणत्या पत्त्यावर येते हे त्यासाठी आधीच पाहून ठेवावे. अनेकदा तो वेबसाइट बनवून देणाऱ्याचा असतो, किंवा निवृत्त अधिकाऱ्याचा, ज्याचा मेलबॉक्स या स्थलांतरात नुकताच बंद केलेला असतो.